सातचा भोंगा आणि एकशे साठ चौरस फूट

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव हे तीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे. बहुतेक घरं शेतकऱ्यांची नाहीतर साखर कारखान्यातल्या कामगारांची. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून या गावानं एक नवा रिवाज सुरू केला. संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजला, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, की सुटका. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी काहीतरी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलमध्ये शिरली होती. ती पुन्हा वर्गात आली, पण पोरांचं चित्त मोबाईलमध्येच राहिलं, ही शिक्षकांची तक्रार. सरपंच विजय मोहिते यांनी विषय हाती घेतला. ‘हे कसं काय जमायचं?’ अशी शंका होतीच. महिलांच्या ग्रामसभेत भोंग्याचं ठरलं, आणि मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. पुढं त्याच जिल्ह्यातल्या अग्रण धुळगावनं ही कल्पना उचलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावात सात ते नऊ असा भोंगा वाजू लागला.

या बातम्या आल्या तेव्हा सगळ्यांचं लक्ष भोंग्याकडे गेलं. नियमातला खरा बारकावा वेगळा होता. तो मुलांपुरता नव्हताच. आजीची मालिका, वडिलांचा बातम्यांचा चॅनेल आणि पोराचा गेम, तिन्ही एका ठोक्याला बंद व्हायचे. २०२२ च्याच नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी या गावानं दुसरी वाट धरली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी करणारा ठराव ग्रामसभेत केला. मुलांच्या स्क्रीनबद्दल आज जगभर जी काही वादावादी चालू आहे, ती शेवटी या दोन ठरावांमधलीच आहे: नियम कोणासाठी करायचा, पोरासाठी की घरासाठी?

मुंबईतल्या लोअर परळच्या माणसाला भोंगा समजावून सांगावा लागत नाही. सकाळी सात, दुपारी साडेतीन, रात्री बारा, अशा पाळ्या बदलायच्या आणि गिरण्यांच्या भोंग्यांवर अख्खं गिरणगाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. मुलांच्या शाळेच्या वेळासुद्धा आया त्याच आवाजावर पाळायच्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि मग एकेक भोंगा गप्प होत गेला. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली. आता संध्याकाळी सातला इथं ऐकू येतो तो करी रोडच्या ट्रॅफिकचा हॉर्न. आई नुकतीच कामावरून येऊन कुकर लावत असते, वडील लोकलमध्ये लटकत असतात, आणि दादा क्लासला गेलेला असतो. घरातली चार माणसं चार घड्याळांवर चालत असताना सातचा भोंगा वाजवायचा तरी कुणासाठी?

शिवाय प्रश्न जागेचा आहे. ना. म. जोशी मार्ग, म्हणजे जुन्या माणसांचा डिलाईल रोड. तिथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधल्या. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीत १२ इमारती. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर मधून जाणारा लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, आणि खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्यातच मोरी, ओटा, कपाट, लोखंडी कॉट, वर सामान कोंबलेला पोटमाळा. कॉटच्या पायथ्याशी भिंतीवर टीव्ही, आणि तिसरीतला मुलगा गृहपाठ करतो तो त्याच कॉटवर, वही मांडीवर घेऊन. मालिकेत सासू बोलायला लागली की याची पेन्सिल थांबते. टीव्ही तो बघत नाहीये, असं आई शपथेवर सांगेल. पण तो टीव्ही त्याला बघतच असतो.

बालसंगोपनावरच्या पुस्तकांत आणि मासिकांत एक सल्ला हमखास असतो: मुलाच्या बेडरूममध्ये टीव्ही ठेवू नका. ज्या घरात बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर ही एकाच खोलीची तीन वेळची तीन नावं आहेत, तिथं या सल्ल्याचं करायचं काय? हा सल्ला चुकीचा नाही. तो दुसऱ्या घरासाठी लिहिलेला आहे, एवढंच. एका खोलीत कोणाचाही स्क्रीन टाइम खाजगी नसतो. वडिलांची आयपीएलची मॅच हा मुलाचाही स्क्रीन टाइम. संशोधकांनी तर नुसता मागं चालू राहिलेला टीव्हीसुद्धा तपासून पाहिला आहे. टीव्ही चालू असला की जवळ खेळणारं लहान मूल एका खेळात कमी वेळ रमतं आणि आई-वडील त्याच्याशी कमी बोलतात. मूल टीव्हीकडे पाठ करून बसलं असलं तरीही.

आता आकड्यांकडे. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या: वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, २०२२ मध्ये आपल्याकडच्या मुलांसाठी सूचना छापल्या. दोन वर्षांपर्यंत काहीच नाही. दोन ते पाच, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली एक तास. पाच ते दहा, दोन तासांच्या आत. त्यापुढच्या मुलांना मिनिटांचा फास लावण्याऐवजी झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणं यांना धक्का लागत नाही ना, हे पाहायला सांगितलं आहे. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल मात्र तान्ह्या बाळालाही चालतो. सावंतवाडीची आजी मोबाईलमध्ये नातवाला ‘बाळा, जेवलंस काय रे?’ विचारते, तेव्हा ती त्याच्याशी बोलते आणि त्याच्या हुंकाराला उत्तर देते. कार्टून तसं करत नाही.

आकडे हवेतच, पण घड्याळ लावून बसलेल्या घरात रोज संध्याकाळी भांडण होतं, हाही अनुभव घरोघरीचा आहे. ‘पाचच मिनिटं, आई’ हे वाक्य लोअर परळच्या चाळीत आणि तिच्या शेजारच्या पन्नास मजली टॉवरमध्ये सारख्याच सुरात ऐकू येतं. अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संशोधकांनी लहान मुलांच्या घरांत नेमकी हीच वेळ अभ्यासली. त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले आणि त्यातल्या एका गोष्टीनं खुद्द संशोधकही चक्रावले. ‘अजून दोन मिनिटं हं, मग बंद’ अशी आधी सूचना दिली की मूल शहाण्यासारखं बंद करेल, असं सगळे समजतात. प्रत्यक्षात तशी सूचना दिल्यावर आकांत जास्त झाला. स्क्रीन सुखासुखी सुटली ती दोन प्रसंगी: रोजच्या ठरलेल्या क्रमात तिची वेळ संपली तेव्हा, किंवा कार्यक्रम आपला आपण संपला तेव्हा.

दुसरा प्रसंग आता दुर्मीळ झाला आहे, आणि तो पोरांमुळे झालेला नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, लोअर परळपासून हाकेच्या अंतरावर, वरळीत. तेव्हा चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि त्या घराच्या उंबऱ्यात, खिडकीत, पॅसेजमध्ये अर्धी चाळ गोळा व्हायची. आठ-दहा पोरं जमिनीवर मांडी घालून, मागं मोठी माणसं. तेव्हाच्या आयाही ‘डोळे फुटतील मेल्या!’ म्हणून ओरडायच्याच. पण प्रक्षेपण संध्याकाळी काही तास असायचं आणि मग संपायचं. पडद्यावर मुंग्या यायच्या, ज्याचा टीव्ही तो उठून बटण दाबायचा आणि पोरं आपापल्या घरी. स्क्रीन टाइम आवरायचं काम दूरदर्शन परस्पर करून टाकायचं, बिचाऱ्या आईवर त्याचा भार नव्हता.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि संपणं हा प्रकारच संपला. एक व्हिडिओ सरला की दुसरा आपोआप लागतो. रील खालून वर सरकत राहतात, त्यांना तळच नाही. न संपणाऱ्या पानाची ही क्लृप्ती एझा रॅस्किन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञानं २००६ मध्ये काढली आणि पुढं त्याबद्दल जाहीर पश्चात्तापही केला. म्हणजे ‘पाचच मिनिटं’ म्हणणारं पोर खोटारडं नसतं. पाच मिनिटांनी थांबायला तिथं जागाच ठेवलेली नाही. हे एकदा ध्यानात आलं की उपायही बदलतो. मिनिटं मोजण्यापेक्षा ‘हा एक भाग, तो संपला की जेवायला’ हे मुलाला कळतं. यूट्यूबमधला आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारा खटका बंद करून ठेवायला दहा सेकंद पुरतात. हातातल्या मोबाईलपेक्षा भिंतीवरचा टीव्ही बरा, कारण त्यावर काय चाललंय ते ओट्यापाशी उभ्या आईलाही दिसतं. अँड्रॉइड फोनात फॅमिली लिंक आणि आयफोनात स्क्रीन टाइम या सोयी फुकट आहेत, त्यांनी वेळ संपली की फोन किंवा त्यातली ॲप्स लॉक होतात. पण पासवर्ड ‘१२३४’ ठेवणाऱ्या पालकांनी त्यांच्या भरवशावर राहू नये.

मोबाईल काढून घ्या, हा सल्ला चाळीत आणखी एका कारणानं लागू पडत नाही. शाळाच त्यात आहे. मुंबई महापालिकेनं २०१५ मध्येच आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब वाटले होते, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं ‘प्रज्ञाता’ नावानं ऑनलाइन शिक्षणाचे नियम काढले. बालवाडीच्या मुलांना दिवसाला तीस मिनिटांहून जास्त नाही, पहिली ते आठवीला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका. नियम शहाणपणाचे होते. पण एका खोलीत दोन मुलं आणि मोबाईल एकच, अशा घरात ते वेळापत्रक बसवताना पालकांचा जीव मेटाकुटीला आला. शाळा उघडून वर्षं झाली तरी गृहपाठ, सहलीची सूचना, उद्या कोणत्या रंगाचा कागद आणायचा हे सगळं वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच येतं. पोर ‘गृहपाठ बघतो’ म्हणून मोबाईल घेतं, आणि अर्ध्या तासानं तेच पोर भलत्याच पानावर सापडतं. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, गेल्या आठवड्यात स्मार्टफोन कशासाठी वापरला? शिक्षणासाठी म्हणणारी सुमारे ५७ टक्के निघाली, समाजमाध्यमांसाठी म्हणणारी सुमारे ७६ टक्के. मुंबईची मुलं यापेक्षा फार निराळी असतील, असं मानायला आधार नाही.

बरं, मोबाईल ठेवला. आता मुलानं जायचं कुठं?

हा प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरांनाही पडलेला आहे. लहान वयात चष्मा लागतो तो नुसत्या स्क्रीनमुळे नाही, बाहेरचा उजेड न मिळाल्यामुळेही. भर दिवसा उघड्यावर दहा हजार लक्सच्या वर उजेड असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत काही शे. तेवढा लख्ख उजेड मिळाला की डोळ्याच्या पडद्यात डोपामिन तयार होतं आणि बुबुळामागं डोळ्याची लांबी अवाजवी वाढणं त्यामुळं आटोक्यात राहतं, असं नेत्रतज्ज्ञ मानतात. तैवाननं २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रम हाती घेतला. वर्षानुवर्षं वर चढत गेलेलं अधू दृष्टीचं प्रमाण तिथं प्राथमिक शाळेतल्या मुलांमध्ये २०१२ नंतर खाली येऊ लागलं. चाळीच्या मधल्या पॅसेजमध्ये दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. त्या पॅसेजमध्ये खेळलेलं क्रिकेट पोराला घाम आणेल, उजेड देणार नाही.

आणि लोअर परळमध्ये मैदान मिळणार होतं. गंमत म्हणून सांगायची ही गोष्ट नाही. मुंबईतल्या ५८ गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे तीन वाटे व्हायचे: एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी; एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी; एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला. वाटण्या सगळ्या जमिनीच्या न होता, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याच्या होतील, असं ठरलं. शेड उभी असलेली जमीन वाटणीतून सुटली, आणि गिरणीत शेड सोडून उरतं ते किती? पर्यावरणवाद्यांनी कोर्टात दाद मागितली. उच्च न्यायालयात ते जिंकले, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. मुलांच्या मोबाईलवरच्या चर्चासत्रांत या निकालाचा उल्लेख कुणी करत नाही. पण ज्या भागातली पोरं खाली उतरून कुठं खेळणार हे ठरायचं होतं, त्या भागात ते तिथंच ठरलं. उरलेल्या जागेत टॉवर, पार्किंग आणि काचेची ऑफिसं आली. टॉवरच्या पोडियमवरची बाग तिथल्या रहिवाशांची, चाळीतल्या पोरांची नाही.

तरीही हा भाग अगदीच कोरडा नाही. ना. म. जोशी मार्गावर श्रमिक जिमखाना आहे. प्रभादेवीला कामगार कल्याण मंडळाचं हुतात्मा बाबू गेनू गिरणी कामगार क्रीडा भवन आहे. कबड्डी हा तर या गल्ल्यांचा जीव. संध्याकाळी सरावाला जाणारं दहा-बारा वर्षांचं पोर पाहावं. त्याला मोबाईल सोडायला कुणी सांगत नाही. चढाईला जाताना मोबाईल ठेवायला चड्डीला खिसा नसतो, आणि उशीर झाला तर सर सगळ्या संघादेखत फेऱ्या मारायला लावतात. स्क्रीनच्या वेळेला टक्कर देणारी दुसरी ठरलेली वेळ आणि वाट बघणारी दुसरी पोरं, या दोन गोष्टी त्याला मिळालेल्या असतात. ज्यांना खेळाची आवड नाही त्यांना मंडळाची अभ्यासिका, ढोल-ताशाचा सराव, गणपतीच्या आधीचं मखराचं काम. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत चाळीतली पोरं मोबाईल विसरतात असं मोठी माणसं कौतुकानं सांगतात. अगदी विसरत नाहीत, रील काढतातच. पण तेव्हा मोबाईल आठ जणांत एक असतो, हा फरक मोठा आहे.

आता चाळी जात आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, आणि डिलाईल रोडही त्याच वाटेवर आहे. दोन बेडरूम, स्वतःचा संडास, दाराला लॅच. शंभर वर्षं वाट पाहिल्यावर मिळालेल्या या सुखाला कुणी नावं ठेवू नयेत. मात्र बेडरूमला दार आलं की ‘बेडरूममध्ये टीव्ही नको’ हा पुस्तकातला सल्ला आता त्यांच्यासाठीही खरा होतो. चाळीत मुलगा रात्री अकराला पांघरुणात मोबाईल पेटवायचा तर खोलीत उजेड पडायचा आणि आजोबा खाकरायचे. बंद दारामागं तो उजेड कुणालाच दिसत नाही. झोपेवरच्या बऱ्याच अभ्यासांत एक गोष्ट दिसते, झोपायच्या खोलीत फोन असला की झोप उशिरा लागते आणि कमी होते. म्हणून नव्या घरात राहायला जाताना सामानाबरोबर एक गोष्ट ठरवून न्यावी: सगळ्यांचे फोन रात्री हॉलमध्ये, फ्रिजशेजारच्या एकाच बोर्डवर चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचाही. गजरासाठी दोनशे रुपयांचं घड्याळ मिळतं.

वडिलांचा फोन हीच खरी मेख आहे. जपानमधल्या टोयोआके शहरानं १ ऑक्टोबर २०२५ पासून एक ठराव अमलात आणला: काम आणि अभ्यास सोडून स्मार्टफोन दिवसाला दोन तासच वापरावा. दंड नाही, शिक्षा नाही, आणि नियम शहरातल्या झाडून सगळ्यांना, म्हाताऱ्यांनासुद्धा. ऑस्ट्रेलियानं दुसऱ्या टोकाला जाऊन १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली आणि जबाबदारी कंपन्यांवर टाकली. कंपन्यांना जाब विचारणं गरजेचंच आहे, ते काम सरकारनंच करायचं. घरात मात्र टोयोआकेचा आणि वडगावचा मार्ग जास्त चालतो. जेवताना फोनवर शेअर बाजार बघणारा बाप मुलाला ‘ठेव तो मोबाईल’ म्हणतो, तेव्हा मुलाला त्यातून एवढंच कळतं, की मोबाईल ही मोठं झाल्यावर मिळणारी मौज आहे.

सगळ्यांची घड्याळं वेगवेगळी असलेल्या घरात रोजचा सातचा दीड तास जमणार नाही, हे मान्यच. पण जेवणाची वीस मिनिटं जमतात. वडील साडेनऊला येत असतील तर साडेनऊची. रविवारी सकाळचे दोन तास जमतात. मॅच असेल त्या दिवशी सवलत, आणि ती सवलत आधीच जाहीर केलेली, भोकाड पसरून मिळवलेली नाही. दोन वर्षांच्या बाळाला भरवताना फोन समोर धरायची सवय लागली असेल तर ती एका दिवसात सुटत नाही. पहिले तीन-चार दिवस घास कमी जातात आणि आजीचा जीव तुटतो. तिला आधी विश्वासात घ्यावं, कारण दुपारभर बाळ तिच्याच हाती असतं, आणि थकलेल्या आजीला फोन हाच काय तो मदतनीस असतो. तिला दुपारी तासभर कुणीतरी मोकळं केलं, तर तिचा फोनही कमी होतो आणि बाळाचाही.

काही घरांत गोष्ट एवढ्यावर भागत नाही. मोबाईल घेतला की मूल हात उगारतं, शाळा बुडवतं, रात्र-रात्र जागतं, जुने मित्र तोडतं, आणि हे महिनोन् महिने चालतं. हा लाडावल्याचा किंवा वळण नसल्याचा प्रकार समजून मार देणं उपयोगाचं नाही. त्यामागं अभ्यासातली अडचण, शाळेतला छळ किंवा उदासपणा लपलेला असू शकतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं अशा रुग्णांसाठी २०१४ मध्येच वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. लोअर परळकरांना तेवढं लांब जायला नको, परळला केईएम पायी जायच्या अंतरावर आहे आणि तिथं मानसोपचार विभाग आहे. दवाखान्याची पायरी चढायचा धीर होत नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, विनामूल्य चालू असतो. तिथं मराठीत बोलता येतं, आणि मूल बोलायला तयार नसेल तर आई-वडिलांनी एकट्यानं फोन केला तरी चालतो.